बार्बेक्यू सॉस शेगडीवर काळा का पडतो, आणि केचपसारखा का लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेल्या कृतीप्रमाणे तुम्ही केचप, ब्राऊन शुगर, व्हिनेगर आणि लसूण पावडर घालून सॉस केला. चाखला तर मसाला घातलेल्या केचपसारखा लागला. तरीही तो कोंबडीच्या तंगड्यांना चोळून रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर त्या भाजल्या. दहा-बारा मिनिटांत वरून काळ्याकुट्ट नि कडू, आणि हाडापाशी कच्च्या. आता तुम्ही विचारताय की साखर किती कमी करू, आणि असा सॉस किती दिवस टिकतो.

साखर कमी केलीत तर थोडा फरक पडेल, पण दुखणं जाणार नाही. मी कॅन्सस सिटीत राहते. इथे एका कुटुंबाच्या बार्बेक्यूच्या दुकानात सॉसच्या पातेल्यापाशी बरीच वर्षं काम केलंय, आणि सुट्टीत साताऱ्याला घरी आले की तिथे मिळणाऱ्या सामानात हाच सॉस करते. दोन्हीकडे करून माझं मत पक्कं झालंय ते असं: बहिणीची कृती ज्या विस्तवासाठी आहे तो विस्तव तुमच्या गच्चीवर नाही. आधी हे नीट समजून घेऊ, मग सॉसकडे वळू.

अमेरिकेत, निदान जिथे बार्बेक्यूची परंपरा आहे त्या भागांत, मांस निखाऱ्यांच्या डोक्यावर ठेवत नाहीत. ते बाजूला, झाकणाखाली, लाकडाच्या धुरात तासन् तास शिजतं. आतली हवा साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस असते. एवढ्या उष्णतेला गोड सॉस हळूहळू आटतो, चिकट होतो, चकाकतो. तुमच्या शेगडीत जाळीपाशी सहज अडीचशे अंश असतात. साधी साखर १६० अंशांच्या पुढे करपायला लागते. शिवाय आंबटासोबत उकळताना तिचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि फ्रुक्टोज तर ११० अंशांच्या आसपासच रंग बदलू लागतं. लसूण पावडर आणि तिखट साखरेच्याही आधी जळतात. म्हणजे साखर निम्म्यावर आणली तरी तंगडी शिजायला लागणाऱ्या पाऊण तासात वरचा थर कोळसा होणारच.

दुसरी गोष्ट, सॉस रात्रभर चोळून ठेवण्याची. आपल्याला तंदुरीची सवय आहे. दही-मसाला लावायचा, मुरू द्यायचा आणि तसंच भाजायचं. दह्याला ते चालतं, कारण त्यात साखर जवळपास नसते. बार्बेक्यू सॉसला मात्र शेवटी लावायचा थर म्हणूनच वागवा. रात्रभर ठेवायचं असेल तर फक्त मीठ, मिरी, थोडं तेल आणि हवं तर तिखट लावा. मीठ आतपर्यंत जातं. सॉसमधली साखर आणि टोमॅटो वरच राहतात आणि जळण्याची वाट बघतात.

आणखी एक फरक कृतीत कुणी लिहीत नाही. इकडे कोंबडी कातडीसकट मिळते. कातडीखालची चरबी वितळते, मांस कोरडं पडत नाही आणि सॉसला धरून राहायला जागा मिळते. आपल्याकडे खाटीक विचारल्याशिवायच कोंबडी सोलून देतो. शक्य असेल तर आधी सांगून कातडी ठेवून घ्या. ते जमलं नाही तर तंगड्यांना तेलाचा हात जरा सढळ लावा आणि भाजताना दोनदा तेल फिरवा.

आता भाजण्याची पद्धत. निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. तंगड्या मोकळ्या बाजूला मांडा आणि वर मोठं पातेलं पालथं घाला. झाकणाच्या कडेला फट राहू द्या, नाहीतर निखारे विझतील. मधूनमधून उलटत राहा. तंगडीच्या आकारावर आणि निखाऱ्यांवर अवलंबून पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतील. इथे घड्याळावर विसंबू नका, शंभर टक्के सांगता येत नाही. वारा असला, कोळसा ओलसर असला तर तासही लागतो. खुपसायचा थर्मामीटर घ्या. महाग नसतो आणि कोंबडीच्या बाबतीत सगळा अंदाज संपवून टाकतो. हाडापाशी ७४ अंश म्हणजे कोंबडी खायला सुरक्षित. तंगडी मात्र ८० च्या पुढे गेली की जास्त मऊ लागते.

सॉस लावायचा तो काटा ६८-७० वर आला की. म्हणजे शेवटची दहा मिनिटं. पहिला हात पातळ लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. सुरुवातीला तो ओला, पाण्यासारखा चमकतो. मग कडेकडेने चमक मंद होते आणि बोट टेकवलं तर बोटाला बारीक तार येते. तार आली की दुसरा हात लावायचा. असे दोन किंवा तीन हात पुरे. शेवटी हवं तर निखाऱ्यांच्या बाजूला प्रत्येक अंगाने अर्धा मिनिट धरा, म्हणजे कुठेकुठे काळसर ठिपके येतील. तेवढा कडवटपणा हवाच असतो. आणि ब्रशसाठी सॉस वेगळ्या वाटीत काढून घ्या. ब्रश कोंबडीला लागलेला असतो, त्यामुळे त्या वाटीतला उरलेला सॉस परत बाटलीत जाता कामा नये.

आता सॉसबद्दल. तो केचपसारखा लागला कारण तो बव्हंशी केचपच होता. आपल्याकडच्या केचपमध्ये टोमॅटोइतकीच साखर बोलते, आणि बऱ्याच ब्रँडमध्ये घट्टपणासाठी स्टार्च किंवा गोंद असतो. त्यात आणखी ब्राऊन शुगर ओतली की गोडावर गोड होतं, आणि आटवायला गेलं की खळीसारखं चिकट. इकडेही घरगुती सॉस केचपपासून करणारे खूप आहेत, पण ते त्यात व्हिनेगर भरपूर घालतात. इथेच बहिणीच्या मापाचा घोटाळा झाला असणार. इकडचं व्हिनेगर ५ टक्क्यांचं असतं. आपल्याकडची साधी पांढरी बाटली बहुतेक वेळा ४ टक्क्यांची असते, लेबलवर बघा. म्हणजे तुम्ही कपाला कप मोजून घातलंत तरी आंबटपणा पाचवा हिस्सा कमी पडला. इकडचा कपही २३७ मिलिलिटरचा, आणि आपल्या घरातली वाटी कुठली, ते घरागणिक बदलतं. सॉससाठी वजनकाटा वापरा, दरवेळी तीच चव येईल.

सॉसचा कणा आंबट हाच आहे, हे मी मनापासून सांगते. अमेरिकेत प्रांत बदलला की सॉस बदलतो, पण व्हिनेगर जवळपास सगळीकडे आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि त्यावर नुसतं व्हिनेगर, मीठ, मिरी आणि कुटलेली लाल मिरची घालतात. टोमॅटोचा थेंब नाही. त्याच राज्यात पश्चिमेला, लेक्सिंग्टनच्या बाजूला गेलं की त्यात थोडं केचप येतं. साऊथ कॅरोलायनाच्या मध्यभागात मोहरीचा पिवळा सॉस. टेक्सासच्या मध्यभागात गोमांस हाच अभिमान, सॉस असला तर पातळ, आणि लॉकहार्टसारख्या गावात तर सॉस न देण्याचीच जुनी रीत होती. जाड, गोड, काळसर तांबडा सॉस, जो जगभर बाटलीतून पोहोचला, तो आमच्या कॅन्सस सिटीच्या वळणाचा. पण इथेसुद्धा १९०८ च्या सुमारास हेन्री पेरी यांनी भाजलेलं मांस विकायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा सॉस तिखट आणि झणझणीत होता असंच सांगतात. गोडाचं प्रमाण पुढे वाढत गेलं. १९७७ साली रिच डेव्हिस या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ‘केसी मास्टरपीस’ बाजारात आणला, आणि आज ‘बार्बेक्यूची चव’ म्हणून लोकांच्या जिभेवर बसलेली आहे ती बरीचशी त्या बाटलीची. तुमची बहीण ज्या चवीबद्दल बोलतेय ती बहुधा हीच, म्हणून मी कृती त्याच वळणाची देते, फक्त गोड जरा आवरतं घेऊन.

सामान, साधारण अर्धा किलो सॉससाठी: बिनसाखरेची टोमॅटो प्युरी ४०० ग्रॅम, किसलेला एक मध्यम कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, काळा गूळ १०० ग्रॅम, काकवी ५० ग्रॅम, व्हिनेगर १५० मिलिलिटर, चिंचेचा घट्ट कोळ एक मोठा चमचा, काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचं तिखट दोन छोटे चमचे, मिरपूड एक छोटा चमचा, मोहरीची पूड एक छोटा चमचा, मीठ दोन छोटे सपाट चमचे आणि एक मोठा चमचा तेल.

यातल्या काही गोष्टींबद्दल बोलायला हवं. इकडच्या कृतीत मोलॅसेस असतं, म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, किंचित कडवट पाक. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं, म्हणून ती जास्त गोड आणि सौम्य लागते. तिच्या जोडीला काळा गूळ घातला की तो खोल, जळका गोडवा बऱ्यापैकी येतो. पिवळाधमक गूळ घेऊ नका, त्याने रंगही येत नाही आणि चवही उथळ राहते. गूळ अर्ध्या व्हिनेगरमध्ये कोमट करून विरघळवा आणि गाळून घ्या. ढेपेच्या गुळात काय काय निघतं ते तुम्हाला माहीतच आहे.

चिंच वाचून ‘हे काय देशी प्रकरण’ असं वाटेल, पण ती परकी नाही. या सॉसमध्ये बहुतेक अमेरिकन स्वयंपाकी वूस्टरशर सॉस घालतात, आणि १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या त्या इंग्लिश बाटलीत चिंच आहेच. तिच्यासोबत व्हिनेगर, मोलॅसेस, कांदा, लसूण आणि अँकोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे. तुम्हाला ती बाटली मिळत असेल तर चिंचेऐवजी दोन मोठे चमचे घाला आणि मीठ थोडं कमी करा. घरात शाकाहारी मंडळी असतील तर मात्र चिंचच बरी, किंवा शाकाहारी खूण बघून बाटली घ्या.

व्हिनेगर कुठलं, यावर खूप काही अवलंबून आहे. स्वस्त पांढऱ्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं. त्याने सॉस आंबट होतो, पण त्या आंबटाला स्वतःची चव नसते. सफरचंदाचं व्हिनेगर चांगलं. माझ्या मते सगळ्यात छान लागतं ते गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर. त्याला एक आंबूस, फळासारखी मागची चव असते, आणि गुळाशी तिचं फार जमतं. तुमचं कुणी गोव्याला जाणार असेल तर एक बाटली मागवाच.

कृती. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. कल्हई नसलेलं पितळ किंवा ॲल्युमिनियम नको, एवढ्या आंबटात ते उतरतं. तेलात कांदा मंद आचेवर मऊ करा, तांबूस होऊ देऊ नका. लसूण घाला. गॅस अगदी बारीक करून तिखट, मिरपूड आणि मोहरीची पूड घाला, दोनदा ढवळा आणि लगेच प्युरी ओता. तिखट करपलं तर पुढे काही केलं तरी सॉस कडूच राहील. प्युरी पाच-सात मिनिटं शिजली, कच्चा वास गेला की गूळ-व्हिनेगर, काकवी, चिंच आणि मीठ घाला. मग अर्धवट झाकून मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवा. स्वयंपाकघराची खिडकी आधीच उघडून ठेवा, व्हिनेगरची वाफ डोळ्यांना लागते.

कधी झालं हे बुडबुड्यांवरून कळतं. सुरुवातीला ते बारीक, भराभर येणारे, फेसाळ असतात. आटत आलं की मोठे होतात, सावकाश वर येतात आणि फट्कन फुटून कट्ट्यावर शिंतोडे उडवतात. त्या वेळी उलथन्याने तळाशी रेघ ओढा. रेघ क्षणभर दिसून मिटली की गॅस बंद करा. ती तशीच उघडी राहिली तर जास्त आटलंय, थोडं गरम पाणी घाला. गार झाल्यावर सॉस आणखी घट्ट होतो, हे धरून चाला.

आता मिक्सरमधून काढा, गाळणीने गाळा आणि उरलेलं अर्धं व्हिनेगर याच वेळी घाला. सगळं आधी घातलं तर उकळताना त्याचा तरतरीत वास उडून जातो. शेवटी घातलेलं व्हिनेगर नाकाला आधी लागतं, आणि केचपपासून सॉस वेगळा पडतो तो तिथेच. गरम असताना चव घेऊन लगेच काही बदलू नका. पूर्ण गार होऊ द्या, जमल्यास रात्रभर ठेवा, आणि नुसत्या चमच्याने न चाखता भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्याला लावून चाखा. नुसता चाखला तर चांगला सॉस थोडा जास्तच आंबट आणि खारट लागायला हवा. मांसाच्या चरबीसोबत तो बरोबर होतो.

धुराचं काय, हेही तुमच्या मनात असेल. इकडे धूर मांसाला लाकडातून मिळतो. बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा धुराचा अर्क असतो, आणि तुम्हाला ‘बाजारातल्यासारखी चव’ वाटते तिचा मोठा भाग तोच. अर्क शोधत बसण्यापेक्षा धुंगार द्या. सॉसच्या पातेल्यात छोटी वाटी ठेवून त्यात लाल निखारा, त्यावर तेलाचे चार थेंब आणि वर झाकण. पाच मिनिटं पुरतात. जास्त वेळ ठेवलात तर सॉसला राखेची चव येते. तुम्ही कोळशावर भाजणारच असाल तर हे केलं नाही तरी चालेल.

आता एक सल्ला, तुम्ही विचारला नसला तरी. तुम्हाला थेट निखाऱ्यांवरच भाजायला आवडत असेल, झाकण-बिकण नको असेल, तर गोड सॉसच्या मागे लागू नका. अलाबामात डेकेटर गावात बॉब गिब्सन यांनी १९२५ साली बार्बेक्यूचं दुकान सुरू केलं. त्यांचा पांढरा सॉस मेयोनेज, व्हिनेगर आणि मिरीचा, आणि तो कोंबडीसाठीच आहे. कोंबडी भाजून झाल्यावर गरमागरम त्या सॉसमध्ये बुडवतात. म्हणजे जळायचा प्रश्नच नाही. त्यात हॉर्सरॅडिश नावाचं एक झणझणीत मूळ घालतात. आपण त्याऐवजी फेसलेली मोहरी घालू शकतो. दोन्हींचा नाकात जाणारा झणका एकाच द्रव्यामुळे येतो, त्यामुळे ही बदली अगदी योग्य आहे. एक वाटी मेयोनेज, पाव वाटी व्हिनेगर, एक छोटा चमचा भरड मिरी, अर्धा चमचा फेसलेली मोहरी, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ. मेयोनेज गोड नसलेलं निवडा.

आणि बोकडाच्या चापा भाजायच्या असतील तर केंटकीतल्या ओवेन्सबरोकडे बघा. तिथे मेंढीचं मटण भाजण्याची जुनी परंपरा आहे आणि त्यावर पातळ काळा सॉस असतो: वूस्टरशर, व्हिनेगर, लिंबू, मिरी, थोडी ब्राऊन शुगर आणि लवंगेच्या कुळातला ऑलस्पाइस नावाचा मसाला, जो न मिळाल्यास दोन लवंगा आणि चिमूटभर जायफळ चालतं. मटणाच्या उग्र चवीला हा पातळ, आंबट सॉस जाड गोड सॉसपेक्षा कितीतरी जास्त शोभतो.

पनीर, मशरूम, मक्याची कणसं यांना मात्र वर दिलेला तांबडा सॉस छान. ती शिजायला वेळ घेत नाहीत, त्यामुळे शेवटच्या तीन-चार मिनिटांत एक हात पुरतो. पनीरचे तुकडे जरा मोठे कापा आणि आधी तेलावर पिवळसर होऊ द्या.

टिकण्याबद्दल. बाजारच्या बाटलीत परिरक्षक असतात, आपल्या सॉसमध्ये नाहीत. तरी व्हिनेगर, गूळ आणि मीठ मिळून तो बराच सुरक्षित असतो. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार आठवडे चांगला राहतो. बाहेर ओट्यावर ठेवू नका, नाशिकच्या उन्हाळ्यात तर नाहीच. चमचा कोरडा वापरा. बुरशी दिसली, फसफसल्यासारखा वास आला किंवा झाकण उघडताना हवा सुटली तर वरचा थर काढून वापरायचा विचार करू नका, सगळी बाटली टाकून द्या. व्हिनेगर कमी करून सॉस सौम्य केलात, लहान मुलांसाठी वगैरे, तर तो आठवड्याभरात संपवा, कारण टिकवण्याचं काम व्हिनेगरच करत होतं. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका तंगडीला एक खडा, असा हिशेब बरोबर बसतो.